नमुना

जानेवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी ग्रामीण साहित्य शिकवत होते. फळ्यावर 'मातीशी नाळ' हे दोन शब्द लिहिले होते आणि त्यांच्याखाली एक रेघ ओढली होती. हे दोन शब्द मी गेली अठरा-एकोणीस वर्षे त्याच फळ्यावर लिहीत आले आहे. मागच्या बाकावर एक मुलगी लोकरीची टोपी कानांवर ओढून, वरून ओढणी घेऊन बसली होती. थंडी होती हे खरे, पण अकरा वाजून गेले होते आणि खिडकीतून चांगले ऊन आले होते. "वर्गात टोपी कशाला? काढ बघू ती," मी सहज म्हणाले. त्या स्वरात थोडा विनोदही असावा, कारण दोन-चार मुले हसली. तिने आधी ओढणी काढली, घडी करून मांडीवर ठेवली, आणि मग टोपी काढली.

ती शेगाव तालुक्यातल्या एका गावाहून एस.टी.ने येत असे. त्या गावाचे नाव तीन-चार दिवस सगळ्या वाहिन्यांवर चालले होते. मी सकाळी वर्तमानपत्र वाचले होते, बातमीवर स्टाफरूममध्ये चर्चाही केली होती; पण त्या गावाचा आणि माझ्या हजेरीपटाचा काही संबंध असेल हे मनात आले नव्हते. वर्गात कोणी बोलले नाही. मी फळ्याकडे वळले आणि 'मातीशी नाळ' याखाली दुसरी रेघ ओढली. त्या क्षणी दुसरे काहीही सुचले नाही.

ज्या वाचकांना हे प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डिसेंबर २०२४च्या अखेरीपासून बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा गावांमध्ये माणसांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोक्याला खाज, कोणाला डोकेदुखी, कोणाला ताप. आणि मग तीन-चार दिवसांत केस मुठीने हातात येऊ लागत. पुरुष, बायका, लहान मुले, कोणीच सुटले नाही. महिन्याभरात १८ गावांतील २७९ जणांची नोंद झाली. वाहिन्यांनी 'टक्कल व्हायरस' असे नाव काढले. तसा कोणताही विषाणू नव्हता, पण नाव मात्र विषाणूच्याच वेगाने पसरले. ठरलेली लग्ने पुढे गेली, मुलामुलींनी शाळा-कॉलेजात जाणे सोडले, आणि गावाबाहेर केशकर्तनालयात गेलेला माणूस आपल्या गावाचे नाव सांगेनासा झाला.

आणि नमुने घेणे सुरू झाले. आरोग्य विभागाची माणसे आली, त्वचारोगतज्ज्ञ आले, पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले. विहिरींचे पाणी नेले, डोक्याच्या त्वचेचे तुकडे नेले, रक्त, लघवी, केस, नखे, माती नेली. पाण्याचे अहवाल आधी आले. क्षार जास्त, नायट्रेट जास्त. हे आमच्याकडच्या कोणालाही नवीन नव्हते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाण पट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. वर हातभर नव्हे, पुरुषभर खोल काळी कसदार जमीन आणि खाली मिठवणी पाणी. पिढ्यान् पिढ्या लोक ते पाणी पीत आले, त्याने मूतखडे झाले, मूत्रपिंडे गेली, पण केस गेल्याचे कोणी सांगत नाही. तेव्हा पाण्यावरचा संशय तिथेच थांबला. मग साबण आणि शाम्पू यांच्यावर काही दिवस गेले. पण त्या गावांत असेही लोक होते की ज्यांनी आयुष्यात शाम्पूची पुडी फोडली नव्हती.

'नमुना' हा शब्द मला त्या दिवसांत फार टोचू लागला. फारसीतून आलेला हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदतो. प्रयोगशाळेत जातो तो नमुना, आणि "काय नमुना आहे!" असे ज्याच्याविषयी म्हणतात तोही नमुना. एका अर्थाने वस्तू सगळ्यांची प्रतिनिधी असते, दुसऱ्या अर्थाने ती सगळ्यांहून वेगळी, हसण्याजोगी असते. शेगावच्या त्या गावांतली माणसे एकाच आठवड्यात दोन्ही अर्थांनी नमुना झाली. सकाळी त्यांचे केस बाटलीत जात आणि दुपारी त्यांची डोकी कॅमेऱ्यात.

आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. माणूस मितभाषी. पाण्याचा अहवाल आल्यावर मी त्यांना विचारले की जमिनीत काही असेल तर ते माणसाच्या केसापर्यंत कसे जाईल? ते म्हणाले, "पिकाच्या चुकीमुळे." आणि त्यांनी मला शेगावचे नव्हे, पॅसिफिक महासागरातले उदाहरण दिले. मराठीच्या प्राध्यापिकेला ते दूरचे वाटेल याची त्यांना कल्पना होती. म्हणून त्यांनी आधी एवढेच सांगितले की तिथेही आधी केस गळले होते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने मार्शल बेटांपैकी बिकिनी या प्रवाळबेटावर 'ब्राव्हो' नावाचा हायड्रोजन बॉम्ब फोडला. त्याची शक्ती १५ मेगाटन होती, अपेक्षेच्या दुपटीहून अधिक. पूर्वेला दीडशेहून अधिक किलोमीटरवर असलेल्या रोंगेलाप बेटावर काही तासांनी पांढरी भुकटी पडू लागली. जळलेल्या प्रवाळाची ती राख होती. मुले तिच्यात खेळली. दोन दिवसांनी लोकांना तिथून हलवले. पुढच्या काही आठवड्यांत त्यांच्या अंगावर भाजल्यासारखे व्रण उठले आणि केस गळाले. केस परत आले. १९५७मध्ये लोकही परत बेटावर आले. अमेरिकी डॉक्टर दरवर्षी येऊन त्यांची तपासणी करू लागले. आपण रुग्ण आहोत की नमुने, हा प्रश्न त्या लोकांनी पुढे अनेक वर्षे विचारला. १९८५मध्ये त्यांनी आपले बेट स्वतःहून सोडले.

पण माझ्या सहकाऱ्यांना सांगायचे होते ते बिकिनीचे. तिथल्या १६७ लोकांना १९४६मध्येच हलवले होते, आणि पुढे १९५८पर्यंत त्या बेटावर २३ चाचण्या झाल्या. १९६८मध्ये, आता परत जायला हरकत नाही, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी जाहीर केले. काही कुटुंबे परतली, घरे बांधली गेली, नारळाची नवी झाडे लावली गेली. हवेतला किरणोत्सर्ग मोजला तर फार नव्हता. मातीतही जे होते ते, नुसते पायाखाली असते, तर तितकेसे भयंकर नव्हते. झाडे मोठी झाली, फळाला आली, लोक नारळ खाऊ लागले, आणि त्यांच्या शरीरांतले सीझियम-१३७ वर्षागणिक वाढू लागले. १९७८मध्ये त्यांना दुसऱ्यांदा बेट सोडावे लागले.

याचे कारण असे की प्रवाळाच्या मातीत पोटॅशियम फार कमी असते. झाडाला ते हवे असते, आणि सीझियम रासायनिक गुणांनी त्याच्या जवळचे. भुकेले मूळ फरक करीत नाही; जे मिळते ते वर घेते. म्हणजे मातीचा नमुना घेऊन भागत नाही. नारळाचे पाणी वेगळे, खोबरे वेगळे, केवड्याच्या जातीतल्या पँडॅनसचे फळ वेगळे, असे सगळे नमुने घ्यावे लागतात. आणि तेही पुरत नाही. माणूस दिवसाला किती नारळ खातो हे विचारावे लागते. अमेरिकी शास्त्रज्ञांनी मातीचे थर सेंटिमीटरने मोजले, पण दिवसाला किती नारळ पोटात जातात याचा आकडा मात्र वेगवेगळ्या पाहण्यांत वेगवेगळा निघाला. बाहेरून आलेले तांदूळ आणि डबाबंद अन्न लोक बरेचसे खातील असे हिशेबात धरले होते. लोकांनी आपल्या झाडांचे खाल्ले. यात त्यांचे काय चुकले?

पुढे लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी नारळीच्या बुंध्याशी पोटॅशियम क्लोराइड टाकून पाहिले. आपल्याकडे शेतकरी ज्याला पोटॅश म्हणतो, तेच ते खत. झाडाची भूक भागली आणि नारळातले सीझियम दहाव्या हिश्शाच्या आसपास उतरले. हे वाचून मला लहान मुलाचे पोट भरले की ते माती खायचे थांबते, ते आठवले. उपमा शास्त्रीय नाही, हे मान्य.

मराठीत नमुनापरीक्षेला एक जुने, सुरेख नाव आहे: शितावरून भाताची परीक्षा. शेगावच्या संदर्भात ती म्हण मनात येताच गजानन महाराजांच्या प्रकटदिनाची कथा आठवावी हे आमच्या भागात स्वाभाविक आहे. १८७८च्या त्या माघातल्या दुपारी शेगावकरांना ते पहिल्यांदा दिसले ते उकिरड्यावरच्या पत्रावळींतली शिते वेचून खाताना. पण म्हणीकडे परत येते. एका शितावरून भात कळतो, कारण भात एका पातेल्यात, एका पाण्यात आणि एका आचेवर शिजलेला असतो. शेताचे तसे नसते. आमच्या चिखलीकडच्या शेतात सासरे माती परीक्षणाला नमुना काढत तेव्हा मी पाहिले आहे. बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याजवळची नाही. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा करायचा, कडेची माती तासून घ्यायची, सगळी घमेल्यात एकत्र करून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. ते सगळे शेत पातेल्यात आणण्याचा विधी करीत असत. बिकिनीसारखे बेट हे तर निसर्गानेच घडवलेले पातेले. चहूबाजूंनी समुद्र, एकच माती, तिचीच झाडे आणि त्यांचेच अन्न. तिथे माती, नारळ आणि माणूस ही साखळी शोधता आली, ती त्यामुळे.

शेगावच्या गावांकडे आपण सगळ्यांनी तसेच पाहिले. मीही. गाव म्हटले की त्याची विहीर, त्याची माती आणि त्या मातीचे धान्य, हे चित्र आमच्या डोक्यात पक्के असते. ग्रामीण साहित्याने ते घडवले, आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी त्याला परीक्षेच्या प्रश्नाचे रूप दिले. आमच्याच जिल्ह्यातले सदानंद देशमुख यांनी 'तहान' आणि 'बारोमास' या कादंबऱ्यांत गावाचे हे एकसंधपण कसे विरते आहे ते लिहून ठेवले आहे. 'बारोमास'ला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ती अभ्यासक्रमाला लागली, आणि मी तिच्यावरही 'मातीशी नाळ' असेच टिपण मुलांना दिले.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव मराठीच्या विद्यार्थ्यांना 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनामुळे माहीत असते. महाडला राहून विंचूदंशावर जगन्मान्य संशोधन केलेला हा माणूस आमच्या शेजारच्याच जालना जिल्ह्यातला. ते या गावांत आले, रक्त, लघवी आणि केसांचे नमुने घेतले, आणि घराघरांतला गहूही घेतला. स्वखर्चाने हे सगळे ठाण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५च्या अखेरीस त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बाधितांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेले होते. जस्त मात्र उतरले होते. बाधित घरांतल्या गव्हात स्थानिक गव्हापेक्षा ६०० पट सेलेनियम होते. हा गहू रेशनचा होता आणि तो पंजाब-हरियाणाकडून आला, असे त्यांनी म्हटले.

पंजाबात शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, होशियारपूर आणि नवांशहर या भागात, काही जमिनी सेलेनियमयुक्त आहेत हे तिथल्या कृषी विद्यापीठाने १९८०च्या दशकापासून नोंदवलेले आहे. टेकड्यांवरून वाहून येणाऱ्या गाळाबरोबर ते उतरते. त्या चाऱ्यावरच्या म्हशींचे केस झडतात, खूर फुटतात. चीनमधल्या एन्शी या भागात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांचे केस आणि नखे अशीच गळाली होती. म्हणजे शेगावला जे झाले ते जगाला अपरिचित नव्हते. फक्त ते ज्या मातीत घडायचे ती माती दुसरी होती.

सहकाऱ्यांकडे पुन्हा गेले. या वेळी त्यांनी फळ्यावर लिहून दाखवले. सेलेनियम हे गंधकाचे भावंड. गव्हाच्या मुळाला गंधक हवे असते, ते चुकून सेलेनियम घेते आणि दाण्यातल्या प्रथिनात, गंधकाच्या जागी, ते बसवते. माणसाचे शरीर तीच चूक पुढे चालवते. केसाला आणि नखाला गंधक लागते. जळक्या केसाचा वास कशाचा असतो ते आठवा, ते म्हणाले. बावस्करांच्या आकड्यांत एक जोडी आहे, ती मला सर्वांत भेदक वाटते: न धुतलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम, धुतलेल्या गव्हात १३.६१. बायकांनी गहू निवडला असेल, पाखडला असेल, धुऊन वाळवलाही असेल. गृहिणीला जे जे करता येते ते सारे करून एवढाच फरक पडतो. कारण ते धान्यावर बसलेले नव्हते, धान्यच त्याचे झाले होते. प्रौढ माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते आणि ४००च्या वर जाऊ नये असे मानतात. मी घरी येऊन गणित केले. त्या गव्हाच्या तीनशे ग्रॅम पिठात ते चार हजारांवर भरते.

सासऱ्यांच्या कपाटातून जमीन आरोग्य पत्रिकाही काढून पाहिली. २०१५पासून देशभर दिल्या जाणाऱ्या या पत्रिकेत बारा घटक असतात. त्यांत गंधक आहे, जस्त आहे, पोटॅश आहे. सेलेनियम नाही. आणि असते तरी काय उपयोग होता? ती पत्रिका आमच्या वावराची. आमच्या ताटातल्या गव्हाच्या जमिनीची पत्रिका आम्हाला कोण देणार होते?

बिकिनीच्या बरोबर उलट हे घडले होते. तिथे पायाखालची माती विषारी होती आणि जहाजातून आलेले धान्य सुरक्षित. इथे पायाखालची माती निर्दोष निघाली.

एप्रिलमध्ये त्याच गावांत नखे गळत असल्याची बातमी आली. मे महिन्यात परीक्षा संपल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेले. क्षमा मागायची असे ठरवून गेले होते. ती दारात उभी होती, डोके उघडे, केस चार बोटे वाढलेले, मुलासारखे. छान दिसत होती. पण ते म्हणण्याचा अधिकार मी जानेवारीत गमावला होता. वडील वावरातून आले नव्हते. आजी ओसरीवर बसली होती. मी कोण हे कळल्यावर तिने आधी विचारले, "तुमी बी काई न्याले आल्या का बाई?"

मी नाही म्हटले. ती मोजू लागली. "पानी नेलं. रगत नेलं. केस त नेलेच. वावरातली माती नेली, डब्यातला गहू नेला. नखं नेली. माह्या नातीचा फोटू नेला." शेवटची वस्तू तिने त्याच यादीत, त्याच स्वरात सांगितली.

वावरात काय असते, मी विचारले. सोयाबीन, कपाशी, थोडी तूर. रब्बीला जमलेच तर हरभरा. गहू नाही, गव्हाला पाणी लागते आणि इथले खारे पाणी तो मानत नाही. "गहू कंट्रोलचा." माणशी पाच किलो धान्य, २०२३पासून फुकट. आजीच्या तरुणपणी रोज ज्वारीची भाकर होती, पोळी सणाला. वावरात ज्वारी होती तोवर घरातही ज्वारी होती. मग वावरात सोयाबीन आले, आणि सोयाबीन काही कोणी थापून खात नाही. ते विकायचे आणि गहू कंट्रोलमधून आणायचा. "भाकर आता कोनी खात नाई माय. पोरीले थापता बी येत नाई," आजी म्हणाली, आणि नात हसली. मी शिकवते ती नाळ कुठे तुटली आणि दुसरीकडे कुठे जोडली गेली, ते त्या म्हातारीने अर्ध्या मिनिटात सांगितले. फक्त तिने त्यात हळहळ घातली नाही. भाकरीचे दिवस तिच्या लेखी उपाशी झोपण्याचेही दिवस होते. कंट्रोलच्या गव्हाने ते संपवले, हेही तिने सांगितले.

उन्हाची वेळ होती, जेवूनच जा म्हणाल्या. वरण, आंब्याचा रस, पोळ्या. ताट समोर आले. पोळी फुगलेली, तूप लावलेली. मी हात धुतला, पोळीला हात लावला, आणि थांबलो असे माझे मलाही कळण्याआधी थांबले. क्षणभरच. पण समोर ती बसली होती आणि ज्या मुलीकडे चार महिने सगळे गाव, सगळा वर्ग पाहत होता, तिला दुसऱ्याच्या नजरेतले एवढे कळणारच.

"तो गहू संपला मॅडम," ती म्हणाली. "हा खामगावच्या बाजारातला आहे."

मी तुकडा मोडला. खामगावच्या बाजारात तो कुठून आला असेल, हे मी विचारले नाही. आजीने रसाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि नातीला आणखी एक पोळी लाटायला सांगितली.